गिरणगावातील तरुण : ‘अधांतर’ ते ‘लालबाग परळ’

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होते तेव्हा कथानकातील फेरफारांची नोंद करून अभ्यासक बहुधा थांबतात. आशयाचे केंद्र कोठे सरकले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो. जयंत पवार यांचे १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावर आधारित, महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट यांतील कामगारवर्गीय तरुणाच्या चित्रणाचा विचार येथे याच दृष्टीने करावयाचा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणीच्या भोंग्यावर बेतलेले गिरणगावचे जीवन विस्कटले. बापामागून मुलाने गिरणीत लागावे, ही पिढीजात वाटही बंद झाली.

‘अधांतर’मधील धुरी कुटुंबाचे तीन मुलगे या बंद वाटेच्या तोंडाशी उभे आहेत. बाबा लेखनात स्वतःला शोधतो, मोहन क्रिकेटमध्ये रमतो, नरू टोळीकडे वळतो. एकाच आपत्तीला दिलेले हे तीन प्रतिसाद आहेत आणि गुन्हेगारी हा त्यांपैकी केवळ एक. नाटक चाळीतल्या खोलीत घडत असल्याने रिकामे दिवस, परस्परांवरील चिडचीड आणि आईवर पडणारा भार यांतूनच नाट्य उभे राहते. शीर्षकाला अभिप्रेत असलेली अवस्था ती हीच.

चित्रपट या खोलीबाहेर पडतो. गिरणीमालकाचे घर आणि गिरणीच्या जमिनीमागील हितसंबंध तो पडद्यावर आणू शकतो. ही माध्यमाने दिलेली भर मान्य केली पाहिजे. परंतु रिकामपण दृश्यात पकडणे कठीण, तर शस्त्राचा वार दाखविणे सोपे. परिणामी नरूची वाट ठळक होते आणि इतर दोघांच्या वाटा फिकट पडतात. कारणांपेक्षा परिणामच प्रेक्षकाच्या स्मरणात राहतो.

हे माध्यमाचे अटळ बंधन मात्र नव्हे. सईद मिर्झा यांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) या हिंदी चित्रपटातील मोटारदुरुस्ती करणारा अल्बर्टही संतप्त तरुणच आहे. आरंभी त्याला संपकऱ्यांविषयी तिटकारा वाटतो; गिरणीकामगार वडिलांवर हल्ला झाल्यावर आपला राग कोणावर असावयास हवा, हे त्याला उमगू लागते. येथे राग ही विचाराची सुरुवात आहे.

या भेदाचे महत्त्व अध्यापनात विशेष जाणवते. गिरणगावापासून दूर, लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावातील विद्यार्थ्याला चाळीतला तरुण भेटतो तो प्रथम पडद्यावर. तो गुंड असतो, असा ग्रह होण्यास मग वेळ लागत नाही. वस्तुतः ‘अधांतर’ची जाणीव या विद्यार्थ्याला परकी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. लिलाव थांबले की हमालीवर जगणाऱ्या घरातील तरुणाचा दिवस कसा जातो, हे त्याने जवळून पाहिलेले असते. संहितेचे वाचन या अनुभवापासून सुरू केल्यास नरूइतकेच बाबा आणि मोहनही त्याला दिसतील. चित्रपट त्यानंतर दाखवावा. त्यात काय आले आणि काय गळाले, हे मग विद्यार्थीच सांगू शकेल.