मध्येच रुसणारे इंजिन

जे यंत्र मुळीच चालत नाही त्याचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे. बिघाड तिथेच ठाण मांडून बसलेला असतो. खरी पंचाईत होते ती मधूनच बिघडणाऱ्या यंत्राची.

समजा, एक लहान होडी खाडीतून निघाली आहे. तिच्या मागच्या फळीला दोन सिलिंडरांचे जुने पेट्रोल इंजिन अडकवले आहे. वीस मिनिटे ते झकास चालते. मग त्याचा आवाज क्षणात बदलतो, जोर जातो, होडी थरथरते आणि इंजिन बंद पडते. दोरी ओढून ओढून हात भरून येतात. ओहोटीचे पाणी होडीला खाडीच्या मुखाकडे, लाटांकडे नेऊ लागते. अर्ध्या तासाने तेच इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते! मेकॅनिककडे न्यावे, तर तिथे ते अगदी शहाण्यासारखे चालते. असा बिघाड कसा पकडायचा?

आधी ठिणगी कशी तयार होते ते पाहू. (मोठ्या ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, तिथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते.) आपल्या इंजिनात वरच्या बाजूला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्यात चुंबक बसवलेले असतात. चाक फिरले की ते चुंबक खालच्या कॉईलवरून जातात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. कॉईलमध्ये दोन गुंडाळ्या असतात : एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतला प्रवाह पॉइंट नावाचा छोटा स्विच नेमक्या क्षणी तोडतो. चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि बारीक गुंडाळीत दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब उत्पन्न होतो. तो प्लगच्या फटीतून उडी मारतो, तीच ठिणगी. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून शक्ती वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर जोडलेला असतो. जुन्या स्कूटरमध्येही हीच रचना असे.

हे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला दर १५ सहस्रांश सेकंदाला एक ठिणगी हवी. त्यात खंड पडला की इंजिन अडखळलेच.

आता शोधाला लागू. पहिला प्रश्न : दोष ठिणगीचा की इंधनाचा? पेट्रोल कमी पडू लागले तर इंजिन सहसा हळूहळू दमते, मध्येच जोर धरते, पुन्हा दमते. आणि नळीवरचा रबरी फुगा दाबला की सावरते. ठिणगी गेली तर कोणी बटन दाबल्यासारखे होते. आपल्या इंजिनाचा आवाज क्षणात बदलला होता, म्हणून संशय ठिणगीवर.

दुसरा प्रश्न मला फार आवडतो : दोन्ही सिलिंडर एकदम गेले की एकच? अशा अनेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉईल आणि स्वतंत्र पॉइंट असतात. दोन कॉईल एकाच क्षणी बिघडणे जवळजवळ अशक्य. तेव्हा दोन्ही एकदम गेले, तर दोघांत सामाईक काय आहे ते पाहावे, उदाहरणार्थ बंद करण्याच्या बटनाची तार. तिचे आवरण घासून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकली की बटन दाबल्यासारखेच होते. पण आपले इंजिन आधी थरथरले, लुळे पडले आणि मग थांबले. म्हणजे एकच सिलिंडर गेला असावा. प्लग काढून पाहिले तर मेलेल्या सिलिंडरचा प्लग पेट्रोलने ओला आढळतो.

तिसरा प्रश्न : बिघाड केव्हा येतो? ओलाव्यात, हादऱ्यांत की उष्णतेत? खाऱ्या हवेतले मीठ तारांवर बसते, ओलावा शोषते आणि विजेला चोरवाट करून देते. हादऱ्यांची गोष्ट वेगळी. अशा इंजिनांत वेग वाढवताना कॉईलची तबकडीच थोडी फिरते, त्यामुळे तिच्या तारा रोज वाकतात आणि वरून धडधाकट दिसणारी तार आतून तुटते. आपला बिघाड मात्र वीस मिनिटांनी येतो आणि थंड झाल्यावर जातो. ही उष्णतेची खूण आहे. तापल्यावर तांबे आणि भोवतीचे आवरण सारखे प्रसरण पावत नाहीत. आवरणातली बारीक चीर रुंदावते, किंवा केसाएवढ्या तारेचे तुटके टोक दूर सरते.

आता मेकॅनिकला काही का सापडले नाही ते कळले ना? त्याच्यापर्यंत पोचेतो इंजिन थंड झालेले असते! म्हणून इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करून ते बंद पडेपर्यंत चालवायचे आणि पहिल्या मिनिटातच ठिणगी तपासायची. नुसता प्लग बाहेर काढून पाहणे पुरेसे नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून उघड्या हवेत सुमारे ६ मिलिमीटरची फट ठेवून पाहतात. ती ओलांडणारी निळसर, चटचट वाजणारी ठिणगी चांगली; पिवळट आणि बारीक असेल तर अशक्त.

रोधमापकावरही भिस्त नको. तो एखाद-दोन व्होल्टने मोजतो. तुटलेली तार त्याला कळते, पण हजारो व्होल्टलाच फुटणारे आवरण त्याच्या दृष्टीने ठणठणीत असते.

हे काम जाणत्या माणसाबरोबरच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. म्हणून चाचणी उघड्यावर, टाकी आणि सांडलेले पेट्रोल दूर ठेवून करावी, आणि प्लगची तार हातात धरू नये.

शेवटची खात्री अदलाबदलीने होते. वरच्या सिलिंडरची कॉईल खाली आणि खालची वर बसवा. बाकी कशालाही हात लावू नका; पॉइंटही साफ केले, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. पुन्हा वीस मिनिटे चालवा. आधी वरचा सिलिंडर मरत होता आणि आता खालचा मरू लागला, तर दोषी कॉईलच. वरचाच मरत राहिला तर कॉईल निर्दोष. मग त्या बाजूचे पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग एकेक करून तपासावेत. मात्र प्रत्येक वेळी पिंपातले पाणी पुरेसे आहे ना, ते पाहा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पंखा असतो आणि कोरडा फिरला तर तो थोड्याच वेळात खराब होतो.