वजनकाट्यावरील शेवटचा आकडा

जिवतीच्या डोंगरावरील कापूस हल्ली विजेच्या काट्यावर तोलला जातो. भारामुळे पालटणारा विद्युद्दाब अखंड असतो. त्याच्या पायऱ्या पाडून अंक देणारे यंत्र तो अंकपरिवर्तक. तो १२ बिटांचा, म्हणजे दोनाचा बारावा घात, असल्यास पायऱ्या ४,०९६ होतात. १०० किलोच्या काट्यावर एक पायरी सुमारे २४ ग्रॅमांची. मग पडद्यावर एकेक ग्रॅम झळकला तरी त्यावर आम्ही कसा विश्वास ठेवावा? त्यातही विद्युत्क्षोभाने शेवटचे दोन बिट डळमळले, तर पायरी सुमारे ९८ ग्रॅमांची होते. शिवाय सूक्ष्मता म्हणजे अचूकता नव्हे. शून्य सरकलेला काटा तेच चुकीचे वजन मोठ्या बारकाईने सांगतो! पालकांनी पोते चढविण्यापूर्वी रिकामा काटा पाहावा, नंतर प्रमाणित वजन ठेवावे. शून्याचा दोष पहिल्याने उघडा पडतो, प्रमाणाचा दुसऱ्याने.