घसारा : एका टिपरचा हिशेब

साहित्य मंडळाच्या अंकात हिशेबाचा पाठ कशाला, असं तुम्ही विचाराल. मला 'घसारा' हा शब्द आवडतो, हे एक कारण. घासणे, झिजणे सगळं त्यात ऐकू येतं. दुसरं कारण आमच्या डिचोलीच्या घराच्या अंगणात उभं होतं : पप्पांचा टिपर.

पप्पांनी तो 2009 च्या एप्रिलमध्ये घेतला. खाणीवरून जेटीवर खनिज न्यायचं, तिथून ते बार्जमधून मुरगावला. सुट्टीत पप्पांच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवताना मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये टेबल केलं आणि घसारा काढायला बसले. सोपं जावं म्हणून किंमत 10 लाख धरू.

आपल्याकडे आयकरासाठी घसारा बहुधा ऱ्हासमान शेष पद्धतीने काढतात. म्हणजे दरवर्षी मूळ किमतीवर नाही, तर उरलेल्या किमतीवर टक्के लावायचे. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला 1961 च्या आयकर कायद्याखाली दर 30 टक्के. पहिल्या वर्षी 3 लाख गेले, उरले 7 लाख. दुसऱ्या वर्षी त्या 7 लाखांचे 30 टक्के, म्हणजे 2,10,000. असं खाली खाली.

ॲक्सेसमध्ये यासाठी डीडीबी नावाचं फंक्शन आहे. क्वेरीत एक नवा कॉलम करायचा आणि फंक्शनला पाच गोष्टी ह्याच क्रमाने द्यायच्या : किंमत, शेवटी उरणारी भंगार-किंमत, आयुष्य, कितवं वर्ष, आणि गुणक. गुणकाला आयुष्याने भागलं की दर मिळतो. आयुष्य 10 वर्षं, गुणक 3, म्हणून 30 टक्के.

माझी चूक इथेच झाली. गुणक दिला नाही तर फंक्शन स्वतःच 2 धरतं, म्हणजे दर 20 टक्के. मी तो रिकामा सोडला आणि तपासायला नेमकं चौथं वर्ष घेतलं. उत्तर आलं 1,02,400. हाताने 30 टक्क्यांनी केलं तर 1,02,900. पाचशेचाच फरक! मला वाटलं, कुठेतरी पूर्णांक केला असेल. पण चार वर्षांनंतरची शिल्लक बघितली : एकीकडे 4,09,600, दुसरीकडे 2,40,100. म्हणून सांगते, तपासायचं तर पहिलं वर्ष तपासा. 2 लाख की 3 लाख ते लगेच दिसतं.

भंगार-किंमतही गंमत करते. मी 50,000 दिली होती. आठ वर्षांनी शिल्लक 57,648 राहते, म्हणून नवव्या वर्षी फंक्शन फक्त 7,648 कापतं आणि दहाव्या वर्षी शून्य. आयकराच्या हिशेबात असा तळ नसतो, तिथे टक्के चालूच राहतात. शिवाय खरेदीच्याच वर्षी गाडी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर दर निम्मा लागतो. फंक्शनला ते कळत नाही, ते वर्ष वेगळं काढावं लागतं.

आता ते चौथं वर्ष कुठलं? 2012-13. सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. मी तेव्हा आठ वर्षांची. टिपर आंब्याखाली उभा राहिला, आणि आमच्या कोंबड्या त्याच्या सावलीत बसायच्या. फंक्शन मात्र म्हणतं, या वर्षी 1,02,900 झिजले. ते वर्षं मोजतं, किलोमीटर नाही. कायद्यात घसारा धंद्यासाठी वापरलेल्या मालमत्तेवर मिळतो. उभ्या गाडीवर तो लावायचा की नाही, हे सीएला विचारूनच ठरवावं. आणि कागदावर 2,40,100 शिल्लक असली तरी त्या वर्षी डिचोलीत टिपर घेणार कोण? सगळ्यांच्याच दारात एकेक उभा होता.

पुढे मम्मीच्या माहेरी, पेडण्यात, तो थोडे दिवस चिरे वाहायला गेला. 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा तर तो टेबलात जवळजवळ तळाला पोचला होता.

मी टेबलात आणखी एक कॉलम घातला : 'चालला का?' 2012-13 समोर लिहिलं, 'उभा'. पप्पांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बॅटरी पण तेव्हाच गेली गो बाय, तें पण बरय."