जुन्या संगणकाची सजावट : स्थापना आणि दोषशोधन

म्हैसूर शहराजवळ वरुणा हे गाव आहे. कृष्णराजसागराच्या जलाशयातून निघालेला वरुणा कालवा या भागातील शेतांना पाणी पुरवितो. कालव्यात पाणी ठरावीकच असते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आपल्या पाटाचे दार गरजेपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवले, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. त्या शेवटच्या शेतातील माती कितीही उकरली, तरी पाणी न येण्याचे कारण तेथे सापडत नाही. ते वर कोठेतरी असते. जुना संगणक मंदावतो तेव्हाही बहुधा असेच घडलेले असते.

अशा गावातील एखाद्या शाळेत २५६ मेगाबाइट स्मृती असलेला, विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीवर चालणारा एक संगणक आहे असे समजू. विद्यार्थ्यांना पडद्यावर तळ्याचे छायाचित्र हवे आहे, माऊसच्या बाणामागे धावणारे मांजर हवे आहे, आणि कन्नड व मराठी अक्षरांत वेळ दाखविणारे घड्याळ हवे आहे. यंत्र बिघडेल या भीतीने शिक्षकांना खोलीला कुलूप लावावेसे वाटते. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. परंतु कुलपात ठेवलेल्या यंत्रापासून कोणी काही शिकत नाही, आणि हाती येईल ती आज्ञावली बसविलेले यंत्र फार दिवस टिकत नाही. यास्तव सजावट कशी करावी, व बिघाड झाल्यास तो कसा शोधावा, याची पद्धत ठाऊक असणे इष्ट होय.

सजावटीची किंमत

पडद्यावरील सजावट दोन प्रकारची असते : स्थिर आणि चल. तळ्याचे छायाचित्र स्थिर आहे. पडद्यावर आडवे १०२४ व उभे ७६८ ठिपके असतील, तर एकूण ठिपके ७,८६,४३२ होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर या चित्रास २३,५९,२९६ बाइट, म्हणजे सुमारे सव्वादोन मेगाबाइट जागा लागते. २५६ मेगाबाइटांत हा खर्च शेकडा एकाहूनही कमी आहे.

चल सजावटीचा हिशेब निराळा असतो. बाणामागे धावणारे मांजर ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये १९८० नंतरच्या दशकात पीसी-९८०१ या संगणकासाठी ‘नेको’ नावाची अशी आज्ञावली लिहिली गेली; जपानी भाषेत नेको म्हणजे मांजर. अशा मांजराचे चित्र ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचे, केवळ काळे-पांढरे असेल, तर प्रत्येक ठिपक्यास एक बिट पुरतो, आणि संपूर्ण चित्र १२८ बाइटांत मावते. याउलट २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचे, प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट घेणारे रंगीत मांजर घेतले आणि त्याच्या हालचालींची ६० चित्रे स्मृतीत ठेवली, तर १५ मेगाबाइट खर्ची पडतात. शिवाय ही चित्रे पडद्यावर सतत उमटविण्यासाठी प्रक्रियकाचा वेळही जातो. पडद्यावर दिसणारे मांजर ही अव्याहत चालणारी एक आज्ञावली आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

ही किंमत उत्पादकांनाही ठाऊक होती. १९९५ साली निघालेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. परंतु त्याच वेळी निघालेल्या, सजावटीची साधने असलेल्या ‘प्लस’ या जोड-संचास किमान ८ मेगाबाइट लागत.

स्थापनेपूर्वी

प्रथम ‘माय कॉम्प्युटर’च्या गुणधर्मांत पाहून यंत्राची स्मृती व कार्यप्रणाली वहीत लिहून ठेवावी, आणि आज्ञावलीस काय लागते त्याच्याशी ती ताडून पाहावी. त्यानंतर विद्यार्थ्यांचे लेखन दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावे. मग विंडोज एक्सपीतील ‘सिस्टिम रिस्टोअर’ या सोयीने एक पुनःस्थापन-बिंदू तयार करावा. या बिंदूमुळे कार्यप्रणालीची मांडणी पूर्ववत करता येते. पुसले गेलेले लेखन मात्र परत मिळत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

आज्ञावली कोठून आली हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे. विंडोज एक्सपीस सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. आज्ञावली दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून मगच आणावी. पडद्यावर बोलणारे जांभळे माकड दाखविणारी ‘बॉन्झी बडी’ ही आज्ञावली एके काळी अनेक देशांतील मुलांची आवडती होती. पालकांच्या संमतीवाचून मुलांची खाजगी माहिती गोळा केल्याबद्दल २००४ साली अमेरिकेत तिच्या उत्पादकास ७५,००० डॉलर दंड भरावा लागला. गमतीची वस्तू निरुपद्रवी असेलच असे नाही.

प्रत्यक्ष स्थापना करताना एका वेळी एकच आज्ञावली बसवावी. पडद्यावर येणारी प्रत्येक सूचना वाचावी, आधीच खूण केलेले चौकोन तपासावेत, आणि ‘संगणकाबरोबर सुरू व्हावे’ हा पर्याय तूर्त नाकारावा. नंतर यंत्र पुन्हा सुरू करून त्यास किती वेळ लागला याची नोंद करावी.

दोषांची लक्षणे

यंत्र मंदावले, तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कोणती आज्ञावली किती स्मृती व प्रक्रियकाचा किती वेळ घेते, ते तेथे आकड्यांत दिसते. स्मृती अपुरी पडली की कार्यप्रणाली काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते व लागेल तेव्हा परत आणते. डिस्क ही स्मृतीपेक्षा पुष्कळच संथ असल्याने सर्वच कामे रेंगाळतात. लेखनाची आज्ञावली मंद झाली, तरी दोष तिचा नसून मांजराचा असू शकतो.

घड्याळात अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तर त्या लिपीचा टंक यंत्रात नाही असे समजावे. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली; तिच्यातील ‘मंगल’ हा टंक प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. कन्नडसाठी ‘तुंगा’ हा टंक विंडोज एक्सपीबरोबर आला. एक्सपीत या लिपींची सोय ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ येथून वेगळी बसवावी लागते, व त्यासाठी मूळ चकती हाताशी असावी लागते. चौकोनांऐवजी असंबद्ध रोमन अक्षरे दिसली, तर घड्याळ युनिकोडपूर्व पद्धतीचे असून त्याचा स्वतःचा टंक बसवावयाचा राहिला आहे, असा संभव असतो.

यंत्र नीट सुरूच होत नसेल, तर सुरुवातीस एफ-८ ही कळ दाबून ‘सेफ मोड’ निवडावा. या अवस्थेत अत्यावश्यक तेवढेच भाग सुरू होतात. तेथे यंत्र सुरळीत चालले, तर दोष एरवी आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींत अथवा चालकांत असण्याचा संभव मोठा असतो. अशा आठ आज्ञावली असल्या, तर ‘एमएसकॉन्फिग’ या साधनाने चार बंद करून पाहावे. दोष गेला तर तो त्या चारांत आहे, न गेल्यास उरलेल्यांत. पुन्हा निम्म्या, मग पुन्हा निम्म्या, अशा केवळ तीन चाचण्यांत, दोष एकाच आज्ञावलीचा असेल तर, ती हाती लागते. एकाच वेळी चार गोष्टी बदलून यंत्र सुधारले, तरी कोणत्या बदलाने सुधारले हे कळत नाही. आणि तोच दोष पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

या शाळेतील विद्यार्थ्यांनी तळ्याचे छायाचित्र निःशंकपणे लावावे, घड्याळ टंकासह बसवावे, आणि मांजर हवे असेल तर ते लहान निवडावे. प्रत्येक बदलाची तारीख व परिणाम एका वहीत लिहून ती वही संगणकाशेजारीच ठेवावी. पुढील वर्षी येणाऱ्या वर्गास यंत्राबरोबर त्याचा इतिहासही मिळेल, आणि खोलीला कुलूप घालण्याचे कारण उरणार नाही.