पीसीओडी : रक्ततपासणीचा कागद कसा वाचावा

पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून मुलीला दवाखान्यात न्यावे, तर हातात आठ-दहा तपासण्यांची चिठ्ठी पडते. रोजंदारीच्या घरात तो आठवड्याचा किराणा असतो. म्हणून कोणती तपासणी कशासाठी, हे आयाबहिणींनी समजून घ्यावे.

आधी एक गोष्ट. पीसीओडी किंवा पीसीओएस एकाच तपासणीवर ठरत नाही. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरके वाढलेली असणे (रक्तात दिसोत किंवा हनुवटीवरच्या राठ केसांत) आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारीक पिशव्या दिसणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. त्या पिशव्या म्हणजे न पिकलेली बीजे. कॅन्सरच्या गाठी नव्हेत. वयात आलेल्या मुलींत अशा पिशव्या एरवीही दिसतात. म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवर निदान करत नाहीत. तेव्हा पहिल्या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात.

आता कागदाकडे. टेस्टोस्टेरॉन हे मुख्य. ते स्त्रीच्या शरीरातही थोडे असतेच. पीसीओएसमध्ये बहुधा किंचित वाढते. फारच वाढले, किंवा आवाज घोगरा होऊ लागला, तर दुसरे कारण शोधावे लागते. उलट, आकडा नॉर्मल आला पण चेहऱ्यावर राठ केस आहेत, तर तेही धरले जातात.

टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या तपासण्या पीसीओएस शोधण्यासाठी नसतात. थायरॉईड बिघडले किंवा प्रोलॅक्टिन वाढले तरी पाळी चुकते. ती कारणे बाजूला काढायची असतात. आमच्या मते पैसे कमी असतील तर टीएसएच अजिबात सोडू नये, कारण थायरॉईडवर साधी, स्वस्त गोळी आहे. प्रोलॅक्टिन ताणानेही वाढते. सुई टोचायच्या भीतीने वाढलेला आकडा पाहून घाबरू नका, डॉक्टर पुन्हा तपासतील. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली तर सगळ्यांआधी लघवीची गरोदरपणाची तपासणी.

एलएच आणि एफएसएच यांचे प्रमाण पूर्वी फार पाहत. आज निदानाला ते लागत नाही. मात्र पाळी बंद होऊन एफएसएच खूप वाढले असेल तर अंडाशय लवकर थकल्याची शंका येते. एएमएच ही महागडी तपासणी मोठ्या बायकांत सोनोग्राफीऐवजी चालते, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटले आहे, किशोरींत नाही. इन्सुलिनची तपासणी निदानासाठी लागत नाही. चिठ्ठीत असेल तर "ही कशासाठी?" असे डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी देतात. पाळीच येत नसेल तर डॉक्टर सांगतील त्या दिवशी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा कमी दिसतो, हे आधी सांगा. स्वतःहून गोळ्या बंद करू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी अहवाल चुकतो.

"हिला मूल होणार नाही" असे शेजारणी बोलून जातात. ते खरे नाही. बहुतेकींना मूल होते, काहींना बीज पिकवण्याच्या गोळ्या लागतात.

ज्या तपासणीकडे दुर्लक्ष होते ती साखरेची. पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात, आणि पुढे एक ते तीन वर्षांनी पुन्हा. नव्वद दिवस पाळी आली नाही तर पुढची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सोबत पाळीच्या तारखा लिहिलेली वही न्यावी.