संकलनातील आडवाटा

इ. स. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. यंत्रात नसलेली सोय चिकाटीने भरून काढण्याचा तो प्रकार होता. आज चित्रफितीचे संकलन संगणकावर होते, त्यासाठी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही पुष्कळ आहेत. पण हवी ती सोय नेमकी नसते आणि आडवाट शोधावी लागते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याच्याशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. परंतु आजीच्या ओव्या किंवा एखाद्या कारागिराची मुलाखत मोबाईलवर टिपणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांची गाडी बहुधा अडते ती देवनागरी अक्षरांपाशी.

‘शिक्षण’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो श, ि, क, ्, ष, ण अशा सहा चिन्हांनी साठविला जातो. पहिली वेलांटी श च्या आधी नेणे व क आणि ष यांचा क्ष करणे हे काम अक्षरे जुळविणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचे. ती यंत्रणा नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला बसते आणि क चा पाय मोडलेला उघडा दिसतो. दोष फाँटचा समजून लोक फाँट बदलीत बसतात. त्याने काही साधत नाही. आधी सेटिंग पाहावे. प्रीमियर प्रोमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असा पर्याय आहे, तो निवडला की अक्षरे जुळतात.

जेथे असा पर्यायच नाही तेथे शीर्षक बाहेर तयार करावे. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळविते. त्यात १९२० बाय १०८० पिक्सेलचे पान घेऊन मजकूर लिहावा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र काढावे व ते चित्रफितीच्या वरच्या ट्रॅकवर ठेवावे. शेवटची श्रेयनामावलीही अशीच सरकविता येते. समजा, नावांचे उभे चित्र ३९२० पिक्सेल उंच आहे. पडद्याखालून निघून वर पूर्ण नाहीसे होईपर्यंत ते ५००० पिक्सेल चालते. दर चौकटीला ४ पिक्सेल धरले तर १२५० चौकटी, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने बरोबर ५० सेकंद. हा भागाकार पूर्णांकात बसवावा. अपूर्णांक राहिल्यास अक्षरे थरथरू शकतात. (गणिताला कंटाळून कलाशाखेकडे आलेल्यांनी घाबरू नये, एवढेच गणित आहे!)

मात्र या वाटेला किंमत आहे. अक्षरांचे चित्र झाले की ते अक्षर राहत नाही. ‘सुशिला’ चे ‘सुशीला’ करायचे तर पुन्हा इंकस्केप उघडावे लागते, आणि मूळ फाइल पुसली असेल तर सर्व नव्याने. म्हणून एसव्हीजी स्वरूपातील मूळ प्रत जपून ठेवावी, आणि चित्र काढण्यापूर्वी ज्याचे नाव त्यालाच दाखवून घ्यावे. ज्या बाईंनी तासभर बसून ओव्या सांगितल्या त्यांचे नाव पडद्यावर मोडके दिसणे, हा माझ्या मते साधा तांत्रिक दोष नव्हे.

बाकीच्या आडवाटा सोप्या आहेत. दोन मोबाईलवरील चित्रण आपोआप जुळविण्याची सोय नसेल तर सुरुवातीला दोन्ही मोबाईलांसमोर एक टाळी वाजवावी. आवाजाच्या आलेखात ती सुळक्यासारखी दिसते, दोन सुळके एकाखाली एक आणले की झाले. संगणक जुना असेल तर चित्रणाच्या लहान प्रती त्याच नावांनी वेगळ्या फोल्डरमध्ये करून त्यांवर काम करावे, व शेवटी मोठ्या प्रती त्यांच्या जागी आणाव्यात; लांबी आणि चौकटींची गती मात्र दोन्हींची एकच हवी.

गतीवरून आठवले. पुष्कळ मोबाईल एकसारख्या गतीने चित्रण करीत नाहीत, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. यावर हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घेता येते. पण हे संकलनाला हात लावण्यापूर्वीच उरकावे. निम्मे काम झाल्यावर फाइल बदलली तर आधीचे काप जागचे हलू शकतात, आणि मग रात्रभर बसून तेच काप पुन्हा लावावे लागतात.