अंगावरून जास्त जातंय? पिशवी काढण्याआधी हे वाचा



वस्तीतल्या तपासणीत मी विचारते, "पाळीत किती जातं?" उत्तर ठरलेलं, "नेहमीसारखंच." मग विचारते, "रात्री कापड बदलायला उठावं लागतं का?" बाई जरा थांबते. "दोन-तीनदा उठते की. सगळ्याच उठत असतील ना?"

नाही, सगळ्या उठत नाहीत. नवस-अंगारे आपण सोडले, पण पाळीबद्दल बोलायची लाज काही सुटली नाही. त्यामुळे आपलं जास्त आहे की बरोबर, हे ताडून बघायला बाईला दुसरं कुणी भेटतच नाही.

एका पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. घरात कोण मोजणार? म्हणून खुणा बघा. दर तास-दोन तासांनी पॅड भिजतं, एकावर एक दोन घ्यावी लागतात, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात, पाळी आठ दिवसांपुढे जाते. यातलं एक जरी दर महिन्याला होत असेल तरी दवाखान्यात दाखवा. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माती किंवा खडू खावासा वाटतो, ही अंगातलं रक्त कमी झाल्याची लक्षणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. याला फक्त जेवण कारण नसतं, दर महिन्याला वाहून जाणारं रक्तही असतं.

कारणं बरीच आहेत. पिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठी (या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात), पिशवीच्या आतल्या थरातला कोंब, थायरॉइड, हार्मोन्सचा बिघाड, कॉपर टी. पाळी सुरू झाल्यापासूनच मुलीला खूप जात असेल आणि नाकातून, हिरड्यांतूनही रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याचा दोष आहे का हे तपासायला सांगा. चाळिशीनंतर मात्र "पाळी जायच्या वेळी असं होतंच" म्हणून घरी बसू नका. पिशवीच्या आतल्या थराचा तुकडा तपासावा लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर एक डाग जरी दिसला, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर तपासणी लगेच हवी.

आता पिशवीबद्दल. धुणीभांडी करणारी एक बाई माझ्याकडे आली, वय चौतीस. एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, आठ दिवसांत काढा." तिने कानातलं मोडायला काढलं होतं. मी तिला सरकारी रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन 6, आणि सोनोग्राफीत एक लहानशी गाठ. कॅन्सरचं काही नव्हतं. रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि कानातलं कानातच राहिलं.

ती एकटी नाही. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पिशवी कधी काढावी लागते, हे मी नर्स म्हणून नाकारत नाही. पण ती शेवटची पायरी आहे. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर त्याच दिवशी पाळी कायमची जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात. मग सांधे-कंबर धरून धुणीभांडी कशी करायची?

आधीच्या पायऱ्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या जास्त जाण्याच्या तीन-चार दिवसांतच घ्यायच्या असतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. मेफेनामिक ॲसिडने पोटदुखीही कमी होते. हार्मोनच्या गोळ्या आहेत. कॉपर टीसारखीच दिसणारी, पण हार्मोन असलेली तांबी पिशवीत बसवता येते, ती काही वर्षं चालते आणि रक्त खूप कमी करते. सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग पडतात, त्याला घाबरून काढून टाकू नका. गाठ मोठी असेल तर पुष्कळदा नुसती गाठ काढता येते. पिशवीच काढा म्हणाले तर सोनोग्राफीचा कागद मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास भिजलं, चक्कर आली, छाती धडधडली, किंवा पाळी चुकल्यानंतर जोरात जाऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, ते औषधामुळेच. हिमोग्लोबिन 12 झालं की बायका गोळ्या बंद करतात. त्यानंतरही तीन महिने घ्यायच्या असतात, कारण अंगातला साठा तोवर भरलेला नसतो.